पालथा पेला

“मी जेवलो का गं?”

आमच्या ह्यांनी विचारलं मला, पण उत्तर दिलं चिरंजीवांनी. तेही मोबाइलवरची नजर न काढता.

“हो बाबा. मगाशीच नाही का जेवलात?”

धडधडीत खोटं! सकाळपासून मी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले होते. ह्यांच्या पोटात साखरेच्या आजाराची एक गोळी आणि घोटभर पाणी, यापलीकडे काही गेलेलं नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात ह्यांनी टेबलावरच्या आपल्या पेल्याकडे बघितलं. पेला पालथा होता.

“हो की,” हे म्हणाले. “झालंय माझं.”

आणि ओशाळून हसले. दुसऱ्याच्या वाटचं मागायला निघावं आणि कुणी बघावं, तसे. उठले, खुर्ची नीट आत सरकवली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

तो पेला कुणी पालथा घातला ते मी ह्या डोळ्यांनी बघितलं होतं. नव्या डोळ्यांनी म्हणा. दोन्हीकडचे मोतीबिंदू एकामागून एक काढून झाले होते. इतके दिवस शेगडीजवळ जायचं नाही, वाकायचं नाही, काळा चष्मा लावून आतल्या खोलीत पडून राहायचं. सूनबाई सकाळीच कामावर जाते. चिरंजीवांचं ऑफिस घरातच, संगणकासमोर. त्यामुळे बापाचं खाणंपिणं त्याच्याकडे होतं. आतून मला रोज ऐकू यायचं, “मी जेवलो का?” आणि त्यावर, “हो बाबा.” विसरणं तर ह्यांचं वाढतच चाललंय, मला वाटायचं, जेवून विसरले असतील. त्या दिवशी सकाळीच नवा चष्मा हातात आला, नाकावर चढवला, आणि बघते तर काय? माझ्या नवऱ्याच्या गालांत दोन वाट्या बसतील एवढे खड्डे! पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवीन भोक! आणि माझा पोटचा पोरगा, बापाची पाठ वळलेली बघून, त्याचा पेला गुपचूप पालथा घालतोय.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, ती कशी जाते ते मला त्या दिवशी कळलं. वाटेत गुडघ्यांत थोडी अडकली, ते दुखतात म्हणून.

पण ह्या पेल्याचं प्रकरण सांगितल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही मी एवढी का पेटले ते.

ह्यांचं सगळं आयुष्य एका कारखान्याच्या कँटीनमध्ये गेलं. भांडी घासायला म्हणून लागले आणि मुख्य आचारी होऊन बाहेर पडले. आख्खा कारखाना ह्यांना मामा म्हणायचा, मॅनेजरसुद्धा. रश्शाचं पातेलं केवढं होतं म्हणून विचाराल, तर एकदा स्टोअरकीपर त्यात किती शिल्लक आहे बघायला वाकला आणि सायकलसकट आत पडला. दुसऱ्या काठाला लागेपर्यंत त्याला मिशा फुटल्या होत्या. हसू नका, त्याची बायको साक्षीला होती. तिनेच नंतर ओळखलं नाही त्याला.

तर त्या कँटीनमध्ये ह्यांची एक शिस्त होती. जेवण झालं की पेला पालथा घालून उठायचं. यंत्रांनी निम्म्या कामगारांचे कान गेलेले, हाका मारून उपयोग नाही, आणि पाळी सुटली की ही झुंबड. हे दारात उभे राहायचे आणि सगळ्या टेबलांवरून एक नजर फिरवायचे. सरळ पेला दिसला की माणूस उपाशी. पालथा दिसला की त्याचं झालं. पालथा पेला ठेवून कुणी पुन्हा रांगेत उभा राहिला, तर हे ओरडायचे नाहीत. एवढंच म्हणायचे, “मागे बघ रे जरा. किती पेले सरळ आहेत अजून?” माणूस आपणहून माघारी फिरायचा.

तीच सवय घरी आली. विसरायला लागले तेव्हा तर ह्यांनी तिचाच आधार धरला. औषध घेतलं का, अंघोळ झाली का, ह्याला आमच्या शब्दावर चालायचे, पण जेवणाचं मात्र पेल्याला विचारायचे. “माणसं काय, काहीही सांगतात गं,” म्हणायचे. “पेल्याला कशाला खोटं बोलायचंय?”

माणसं काहीही सांगतात हे मला बघून म्हणायचे, ते सोडा. मी थापाडी आहे हे गल्लीतलं मांजरसुद्धा जाणतं. पण माझ्या थापेपायी कुणाचं ताट रिकामं राहिलेलं नाही कधी.

चिरंजीवांना मी मनगटाला धरून त्याच्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

“पेला का पालथा घातलास?”

“आई, हळू बोल. बाबा ऐकतील.”

“ऐकू देत! ऐकून विसरतील. त्याचाच तर फायदा घेतोयस ना?”

“फायदा कसला? त्यांच्या चांगल्यासाठीच करतोय. अगं, ह्याला शास्त्र आहे. दिवसातले आठ तास खायचं, बाकीचे सोळा तास काही नाही. मेंदूसाठी फार चांगलं असतं. मी करतोय ना स्वतः? बघ, डोकं कसं स्वच्छ झालंय माझं.”

“घागर रिकामी केली की स्वच्छच दिसते.”

“तुला चेष्टाच सुचते. अन्न मिळालं नाही की शरीर चरबी जाळतं, मग मेंदूला वेगळं इंधन मिळतं. पेशी आपला कचरा आपणच साफ करायला लागतात.”

“कचरा? ह्या खोलीतला कचरा कधी साफ केलायस तू? त्या टेबलाखाली एक मोजा पडलाय, त्याला आता पिल्लं होतील.”

“उंदरांवर प्रयोग झालेत, आई. उपाशी उंदरांना भूलभुलैयातली वाट जास्त चांगली आठवते.”

“आठवेल नाही तर काय? पोटात कावळे कोकलत असल्यावर उंदराला खाण्याची वाट आठवणार नाही तर बाराचा पाढा आठवेल? आणि तुझा बाप उंदीर आहे का रे?”

तो म्हणाला, “चिडू नकोस. जेवण तोडलं नाहीये मी. दुपारी देतो, संध्याकाळी लवकर देतो. मधल्या वेळात मागतात, तेवढंच…”

“तेवढंच खोटं बोलतोस. एका बैठकीला चिमणीएवढं खाणारा माणूस तो. सकाळचं तोडलंस म्हणजे अर्धं जेवण तोडलंस. मीपण उपास केलेत, मला नको शिकवूस. स्वतः करतो तो उपास. दुसऱ्यावर लादतो ती उपासमार. त्यांना विचारलं होतंस?”

“विचारून काय उपयोग? विसरतात ते.”

“मग रोज विचारायचं!”

माझा आवाज एवढा चढला की खिडकीतलं कबूतर उडालं. पोरगा खाली बसला पलंगावर. चाळिशी उलटलेला घोडा, पण बसला असा की जसा काही शाळेतून मार खाऊन आलाय.

“मागच्या महिन्यात बाबांनी मला विचारलं, ‘आपण कोण?’” तो म्हणाला. “आपण! अहोजाहो करत होते मला. घरी आलेल्या पाहुण्याला पाणी विचारतात तसं पाणी विचारलं. मी काय नुसतं बघत बसू, आई? डॉक्टर म्हणतात, ह्यावर औषध नाही. मग जे कुठे सापडेल ते करून बघायचं नाही?”

खोटं कशाला सांगू, आतून मलापण तुटलं. पण राग काही खाली उतरेना. कारण बापावरची माया आणि बापाच्या तोंडाला पानं पुसणं ह्या दोन गोष्टी एकाच हाताने करत होता हा गाढव.

“करून बघ ना,” मी म्हटलं. “माझ्यावर करून बघ, माझं डोकं कापून बघ. पण ज्या माणसाकडे आता स्वतःचा असा एकच साक्षीदार उरलाय, तो पेला, त्याला तू फितवलंस. त्यांनी आता कुणाला विचारायचं रे?”

मी तणतणत बाहेर आले. बाहेरच्या खोलीत खुर्ची रिकामी.

हे स्वयंपाकघरात होते. पावाच्या डब्यासमोर उभे. झाकण काढून बाजूला ठेवलेलं, पाव समोर, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. शाळेत बाईंनी हात मागे घ्या म्हटल्यावर पोरं उभी राहतात ना, तसे. कपाळावरून घाम ओघळत होता, सदरा पाठीला चिकटलेला.

“अहो! काय करताय?”

“काही नाही. काही घेतलं नाही मी.” ह्यांनी टेबलाकडे बोट दाखवलं. बोट पंख्याखालच्या कागदासारखं फडफडत होतं. “झालंय माझं. पालथा आहे. पण पोट… पोट खोटं बोलतंय गं माझं.”

मी आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलंय. सासू ऐकली, नणंदा ऐकल्या. पण हे वाक्य मला सोसलं नाही. भूक लागलेला माणूस, उघड्या डब्यासमोर उभा, आणि आपल्याच पोटाला खोटारडं ठरवतोय. का, तर पुढे कुणाचा पेला सरळ असेल, त्याच्या वाटचा पाव जाऊ नये!

“घ्या, खा,” म्हणत मी पाव पुढे केला. तर जीभ वळेना त्यांची. काहीतरी पुटपुटले, ‘वाफ’ म्हणाले, ‘शिट्टी’ म्हणाले, आणि गुडघ्यांत वाकले. मी किंचाळले. चिरंजीव धावत आला, बापाला खुर्चीत बसवलं. मी पाण्यात मूठभर साखर ढवळली. गिळता येतंय ना बघून घोट घोट पाजली. निम्मी माझ्या पदरावर सांडली. थोड्या वेळाने डोळे जागेवर आले.

“असं… असं सकाळी थोडं व्हायचंच,” पोरगा पांढराफटक पडून म्हणाला. “मला वाटलं, शरीराला सवय होतेय.”

“सवय? घोड्याला न खाण्याची सवय होतच आली होती, तेवढ्यात घोडाच मेला! गाडी बोलव.”

टॅक्सीत मी ह्यांना केळं भरवलं. ड्रायव्हर म्हणाला, सीटवर सांडू नका. मी त्याच्याकडे असं बघितलं की पुढचा सिग्नल भीतीने हिरवा झाला.

नसांची डॉक्टरीण ह्यांना पहिल्यापासून बघते. लहानखुरी बाई आहे, आवाज चढवत नाही. बोटाला सुई टोचली, आकडा बघितला, सगळं ऐकून घेतलं. मग चिरंजीवांना विचारलं, “साखरेची गोळी चालू ठेवलीत आणि खाणं थांबवलंत?”

“गोळी बंद करायची नसते म्हणून…”

“बरोबर आहे. पण ती गोळी खाणं पोटात जाईल ह्या भरवशावर दिलेली असते. खाणं आलं नाही, तर ती रक्तातली साखर नको तेवढी खाली ओढते. मेंदू साखरेवर चालतो. ती कमी पडली की हेच होतं. घाम, थरथर, बोबडी. उशीर झाला असता तर बेशुद्ध झाले असते.”

“पण मेंदूला फायदा होतो असं…”

“उंदरांमध्ये काही चांगलं दिसलंय. माणसांवरही अभ्यास चालू आहेत, मी नाही म्हणत नाही. तुमच्यासारख्याने डॉक्टरला विचारून केलं तर माझी तक्रार नाही. पण उपासाने ह्यांचा विसरण्याचा आजार बरा होतो, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. ह्यांचं वजन घटतंय, ते घटणंच जास्त वाईट आहे. आणि एक सांगू? ह्या आजारात पुष्कळांना भूक लागलेलीच कळत नाही. घरचे मागे लागून भरवतात. तुमच्या वडिलांना कळत होती. ते मागत होते.”

मला फार काही बोलायचं होतं, पण हे तिच्या टेबलावरची बिस्किटं खात होते, सावकाश, बोटाने कण टिपत. ते बघत बसले.

घरी आलो तोवर सूनबाई परतली होती. तिला सगळं सांगितलं. तिने हातातली पिशवी जरा जोरात खाली ठेवली, बटाटे घरभर पळाले. मग आम्हा दोघींचं ठरलं. पेल्याला आता ह्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. आणि ह्यांनी विचारलं की खरं काय ते सांगायचं, शंभर वेळा विचारलं तरी.

चिरंजीव बापासमोर जमिनीवर बसला.

“बाबा, माझं चुकलं.”

“काय चुकलं?” ह्यांनी विचारलं.

“मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुम्ही जेवला नव्हतात, तरी जेवलात म्हणालो. पेला मी पालथा घालायचो.”

हे त्याच्याकडे बघत राहिले. मी मनात म्हटलं, आता एक तरी बोलावं ह्यांनी. एक थोबाडीत द्यावी. निदान तोंड फिरवावं.

“बरं बरं,” हे म्हणाले. “होतं असं.” आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

क्षमा नव्हती ती. क्षमा करायला आधी आठवावं लागतं. सकाळचा घाम, पावाचा डबा, पोट खोटं बोलतंय म्हणालेले, ह्यांच्याकडे त्यातलं काहीसुद्धा शिल्लक नव्हतं. पोरगा तिथेच बसून राहिला. ज्याच्याकडून माफी हवी तो माणूस सकाळीच निघून गेलेला, अशी त्याची गत. आणि मी ठरवलं, ह्यांच्या वाटचा रागही आता मलाच धरून ठेवायचा. त्यांना नाही जमत, तर दोघांचा मी धरीन. माझे हात अजून धड आहेत.

संध्याकाळी सूनबाईने भात केला, भाजीचा रस्सा केला, अंडी उकडली. टेबलावर पातेली आणून ठेवली. पोरगा कोपऱ्यातल्या खुर्चीत, मान खाली. त्याने दिवसभरात काही खाल्लं नव्हतं, नेमाने म्हणा की लाजेने म्हणा. हे आले आणि बसायचं सोडून उभेच राहिले. पातेल्यांकडे बघितलं. मग त्या कोपऱ्याकडे. जरा वेळ डोळे बारीक करून.

“नवीन दिसतोस,” हे त्याला म्हणाले. “कुठल्या खात्यातला?”

मी तोंड उघडलं, ‘अहो, आपला मुलगा,’ म्हणायला. सूनबाईने टेबलाखालून माझा हात दाबला.

पोराने माझ्याकडे बघितलं. मग खुर्चीतून उठला.

“पॅकिंगमधला.”

“वाटलंच. पॅकिंगवाले नेहमी उशिरा. ये, बस इथे. लाजतोस काय?”

मला आधी ह्यांनाच जेवायला घालायचं होतं. सकाळी ते तसं झालेलं, माझा जीव टांगणीला. पण ह्यांनी डाव उचलला होता. भाताचा ढीग ताटाच्या बरोबर मधे पडला आणि रस्सा कडेने असा फिरला की एक थेंब बाहेर नाही. अंडं सोलून ठेवलं. सूनबाईने खुर्ची मागे सरकवून दिली, तर मानेनेच नको म्हणाले.

“शेवटचा माणूस उठल्याशिवाय मी बसत नाही.”

पोराने एकदा बापाच्या पायांकडे बघितलं. घोट्यांपाशी कापत होते ते. मग त्याने जे खाल्लं! चावणं नाही, चव नाही, घासावर घास, डोळ्यांतलं पाणी रश्शात पडतंय तिकडे लक्ष नाही. ताट स्वच्छ केलं आणि लगेच उठून उभा राहिला.

मग हे बसले. मी वाढलं.